शिवण सरळ होती, मग राग कोणावर धरायचा?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे): पत्र लिहिणाऱ्या बाई 47 वर्षांच्या आहेत. तयार कपड्यांच्या एका कारखान्यात त्यांनी 21 वर्षे काम केले. सुरुवातीला त्या शिलाई मशीनवर होत्या आणि शेवटची 11 वर्षे माल तपासणीच्या टेबलावर. कारखान्याचा मुख्य खरेदीदार दुसऱ्या देशातून माल घेऊ लागला आणि वर्षभरात कारखाना बंद पडला. त्याआधी नव्या पुरवठादाराचे नमुने तुलनेसाठी त्यांच्याच टेबलावर आले होते. त्या लिहितात, "मी शिवणीवरून बोट फिरवले, कपडा उलटा करून पाहिला, काज ताणून पाहिले. चूक सापडावी असे मनापासून वाटत होते. शिवण सरळ होती." आता परदेशातून तयार कपडे आणून विकणाऱ्या एका कंपनीने त्यांना तपासनीस म्हणून बोलावले आहे. जुन्या मैत्रिणी या नोकरीला फितुरी म्हणतात. अर्थशास्त्र शिकणारा मुलगा सांगतो की जागतिकीकरणाने जगातली गरिबी घटली आणि आईचे नुकसान हा त्या मोठ्या हिशेबातला लहानसा आकडा आहे. बाई विचारतात: आमचे काय चुकले? ही नोकरी घ्यावी का? आणि यापुढे परदेशी माल विकत घेणेच सोडून द्यावे का?

ताई,

नमुन्यांबद्दलचे ते वाक्य तुम्ही गाळले असते तरी तुमचे म्हणणे मला कळले असते. तरीही तुम्ही ते लिहिलेत, आणि माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. माल खराब निघाला असता तर राग धरायला जागा मिळाली असती. तो चांगला निघाला आणि तेव्हापासून तुमचा राग कधी स्वतःच्या हातांवर, कधी त्या अनोळखी कामगारांवर, तर कधी मुलावर निघतो आहे. "आमचे काय चुकले?" या प्रश्नातच एक समजूत दडलेली आहे: काम गेले म्हणजे कोणाच्या तरी कामात खोट असलीच पाहिजे. तशी खोट तुमच्या कारखान्यात नव्हती आणि तिकडच्याही नव्हती. मग काम का गेले, हे तुमच्याच धंद्यापुरते पाहू, कारण जागतिकीकरण हा शब्द इतका मोठा आहे की त्याच्या आडून कोण काय करते ते दिसेनासे होते.

1974 पासून 2004 च्या अखेरपर्यंत कापडाचा आणि तयार कपड्यांचा जागतिक व्यापार मोकळा नव्हता. मल्टी फायबर करार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेखाली श्रीमंत देश विकसनशील देशांकडून कोणता माल किती घ्यायचा याचे कोटे ठरवत. आपल्या गिरण्या आणि कारखाने सावरायला उसंत मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. परिणाम मात्र वेगळाही झाला. एका देशाचा कोटा भरला की खरेदीदार कोटा शिल्लक असलेल्या दुसऱ्या देशाकडे वळत, आणि त्यामुळे जिथे हा उद्योग पूर्वी नावापुरताही नव्हता अशा कितीतरी देशांत कपड्यांचे कारखाने उभे राहिले. 1 जानेवारी 2005 रोजी ही व्यवस्था संपुष्टात आली. जे कारखाने कोट्याच्या आडोशाने तगले होते त्यांना एकाएकी उघड्यावर यावे लागले, आणि त्यातल्या कोणाही शिलाईवालीचा हात त्या दिवशी बिघडलेला नव्हता.

दुसरे कारण पोलादी पेटीचे, म्हणजे कंटेनरचे आहे. 26 एप्रिल 1956 रोजी अमेरिकेत नेवार्कहून ह्यूस्टनकडे 'आयडियल एक्स' नावाचे जहाज 58 पेट्या घेऊन निघाले. माल्कम मॅकलीन या मालमोटारींच्या व्यावसायिकाची ती कल्पना होती. त्याआधी जहाज भरायचे म्हणजे प्रत्येक गोणी, प्रत्येक पिंप, प्रत्येक खोके गोदी कामगारांनी उचलून जहाजाच्या पोटात हाताने रचायचे, आणि पोहोचल्यावर तेच उलट क्रमाने बाहेर काढायचे. जहाजाचे कितीतरी दिवस धक्क्यावरच मोडत. पेटीची पद्धत आल्यावर माल चढवण्याचा खर्च टनामागे सुमारे 6 डॉलरवरून 16 सेंटच्या आसपास उतरतो, असा हिशेब त्या पहिल्या फेरीनंतर मांडला गेला. पुढे पेटीची मापे जगभर एकसारखी ठरली आणि तीच पेटी जहाजावरून रेल्वेवर, रेल्वेवरून मालमोटारीवर न उघडता जाऊ लागली. कापड एका देशात विणायचे, दुसऱ्या देशात शिवायचे आणि तिसऱ्या देशात विकायचे, हे एरवी कोणाला परवडले असते?

याच्या जोडीला करारमदार आले. 1947 मध्ये जिनिव्हात 23 देशांनी गॅट या आयातकर आणि व्यापाराविषयीच्या करारावर सह्या केल्या, पुढच्या वाटाघाटींत आयातकर टप्प्याटप्प्याने खाली आले, 1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि डिसेंबर 2001 मध्ये चीन तिचा सदस्य झाला. भांडवल देशाबाहेर नेण्यावरचे निर्बंध अनेक सरकारांनी 1970 च्या दशकापासून सैल केले. जगातल्या आयात आणि निर्यातीची बेरीज 1970 च्या सुमारास जागतिक उत्पन्नाच्या एक चतुर्थांश होती. 2008 पर्यंत ती 60 टक्क्यांच्या आसपास पोहोचली. कपड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी तुम्ही 21 वर्षे हातांनी अनुभवली आहे: कापड लुळे असते, ते सरकते, ताणले जाते, आणि म्हणून शिवणकाम यंत्राच्या पूर्णपणे हवाली करणे अजूनही अवघड आहे. हे काम यंत्राने फारसे गिळले नाही. ते जिथे मजुरी कमी, बंदर जवळ, वीज भरवशाची आणि चलनाचा दर खरेदीदाराच्या सोयीचा, तिकडे सरकत राहिले. तिकडच्या चलनाचा दर कोसळला तर एका रात्रीत परदेशचा माल तुमच्यापेक्षा स्वस्त होतो, आणि कितीही सरळ शिवण घातली तरी ती तफावत भरून निघत नाही.

हे सगळे इतके सविस्तर सांगितले, कारण तुमच्या पत्रात आणि तुमच्या मुलाच्या बोलण्यात जागतिकीकरण पावसासारखे येते. पाऊस पडला, कोणाचे शेत पिकले, कोणाचे वाहून गेले, त्याला कोण काय करणार! पण इथे प्रत्येक वळणावर माणसांनी बसून निर्णय घेतलेले आहेत. ते फिरवलेही गेले आहेत. वाफेची जहाजे, 1866 ची अटलांटिकपार तार आणि 1869 चा सुएझ कालवा यांनी जग जवळ आणले होते. 1914 च्या युद्धाने ती घडी मोडली. 1930 मध्ये अमेरिकेने आयातकर भरमसाट वाढवले, इतर देशांनी तसेच उत्तर दिले आणि महामंदीच्या त्या काळात जगाच्या व्यापाराचे मूल्य 1929 ते 1934 या पाच वर्षांत दोन तृतीयांशांनी आक्रसले. ही घसरण केवळ करांमुळे झाली नाही, मंदी मुळातच खोल होती. पण दार लावून घेतल्याने आतली माणसे सुरक्षित राहत नाहीत, हा धडा त्या पिढीने सोसून घेतला. म्हणून आयात बंद करा या मागणीला मी पाठिंबा देऊ शकत नाही. तुमच्या कारखान्याला लागणारा धागा, बटणे, सुया आणि मशीनचे सुटे भाग यांतले किती बाहेरून येत होते, हे तुम्हाला माझ्याहून चांगले माहीत असेल.

आता तुमच्या मुलाकडे वळते. त्याचा आकडा खरा आहे. जागतिक बँकेच्या मोजणीनुसार 1990 मध्ये जगातली एक तृतीयांशाहून अधिक माणसे अत्यंत गरिबीत होती आणि 2019 पर्यंत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास आले. यात व्यापाराचा वाटा मोठा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र या घटीचा फार मोठा भाग चीनमधला आहे, आणि चीनने आपली दारे सताड उघडली नव्हती. 1980 पासून शेंझेनसारखी काही विशेष क्षेत्रे आधी मोकळी केली, भांडवलाच्या ये-जा करण्यावर दीर्घकाळ पकड ठेवली आणि बाहेरच्या कंपन्यांना आपल्या अटींवर आत घेतले. जग खुले झाले आणि गरिबी घटली, असे एका दमात सांगितले की कोणत्या अटींवर खुले झाले हा प्रश्न हातातून निसटतो.

शिवाय एका शास्त्राचा विद्यार्थी म्हणून त्याने आणखी एक गोष्ट तपासावी. 1817 मध्ये डेव्हिड रिकार्डो या अर्थतज्ज्ञाने इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची दारू यांचे उदाहरण घेऊन दाखवले की प्रत्येक देशाने आपल्याला तुलनेने अधिक जमते ते करावे आणि बाकीचे विकत घ्यावे, म्हणजे दोघांचाही एकूण लाभ वाढतो. यातला 'एकूण' हा शब्द जपून वाचला पाहिजे. देशाचा लाभ वाढला म्हणजे देशातल्या प्रत्येकाचा वाढला, असे हा सिद्धांत म्हणत नाही. काम गमावलेला माणूस लगेच दुसऱ्या धंद्यात शिरतो, असेही पुष्कळ काळ गृहीत धरले गेले. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या कारखानदारीच्या भागांचा अभ्यास करून ते गृहीतक खोटे ठरवले. चिनी आयातीचा तडाखा बसलेल्या भागांत रोजगार आणि मजुरी वर्षानुवर्षे खालीच राहिली, आणि लोक दुसरीकडे फारसे गेलेही नाहीत, कारण घर, म्हातारी माणसे आणि मुलांच्या शाळा पेटीत भरून हलवता येत नाहीत. 1999 ते 2011 या काळात या आयातीमुळे तिथल्या सुमारे 20 ते 24 लाख नोकऱ्या गेल्या, असा त्यांच्या पुढच्या संशोधनाचा अंदाज आहे.

लाभ कोट्यवधी ग्राहकांत थोडाथोडा वाटला जातो आणि तोटा काही हजार घरांवर सगळाच्या सगळा कोसळतो, हे या व्यापाराचे मर्म आहे. सदरा थोडा स्वस्त मिळालेल्या माणसाला आपला फायदा जाणवतही नाही. तुमच्या घरात तो तोटा रोज जेवायला बसतो. तुम्ही मुलाच्या हिशेबातला लहानसा आकडा नाही. त्या हिशेबातली न भागवलेली देणी तुम्ही आहात. हे वाक्य त्याला वाचून दाखवा, पण भांडण म्हणून नको. तो जे शिकतो आहे ते चुकीचे नाही, अपुरे आहे, आणि आईचा अनुभव त्यात मिळवला तर तो अधिक चांगला अर्थतज्ज्ञ होईल असे मला मनापासून वाटते.

देणी भागवता येतात, याचा दाखला गोदीतच सापडतो. पोलादी पेटीने ज्यांच्या पोटावर पाय आला ते गोदी कामगार होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्यांच्या संघटनेने, हॅरी ब्रिजेस यांच्या नेतृत्वाखाली, 1960 मध्ये मालकांशी करार केला: यंत्रे येऊ द्या, पण त्यातून जी बचत होईल तिचा हिस्सा एका निधीत भरा, नोंदणीकृत कामगारांना काढू नका, आणि जे लवकर निवृत्त होतील त्यांना त्या निधीतून रक्कम द्या. हा करार सर्वांगी न्याय्य नव्हता. नव्याने आलेल्या आणि कायम नसलेल्या कामगारांच्या पदरात फारसे पडले नाही. तरीही बदल अडवणे किंवा बदलापुढे मान टाकणे या दोहोंखेरीज, बदलातून होणाऱ्या नफ्यात वाटा मागणे हा तिसरा मार्ग असतो, हे त्या माणसांनी प्रत्यक्ष करून दाखवले. सरकारांनीही काही प्रयत्न केले. आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी अमेरिकेत 1962 मध्ये साहाय्य योजना आली. 2022 मध्ये ती नव्या अर्जदारांसाठी बंद पडली. युरोपीय संघाने 2007 पासून अशाच कामगारांसाठी वेगळा निधी ठेवला आहे. तुमचा राग इथे पोहोचायला हवा: काम हलवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला आणि त्यातून ज्यांची बचत झाली, त्यांनी तुमची कोणती जबाबदारी घेतली? तो तिकडच्या शिलाईवालीवर काढणे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर काढणे होईल.

तिच्याबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि 1,100 हून अधिक माणसे मेली; त्यांतल्या बहुतेक कपडे शिवणाऱ्या बाया होत्या. भिंतींना आणि खांबांना पडलेल्या भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. त्याच इमारतीतल्या बँकेने आपली माणसे घरी पाठवली. शिलाई कारखान्यांतल्या बायांना मात्र सकाळी पुन्हा आत बोलावले गेले, कारण माल वेळेवर रवाना करायचा होता. ज्या स्पर्धेने तुमचे काम नेले तिनेच त्यांना त्या भेगांखाली बसवले. त्या दुर्घटनेनंतर अनेक ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बंधनकारक असा सुरक्षा करार झाला आणि शेकडो कारखान्यांची तपासणी होऊन दुरुस्त्या झाल्या. हे तपासनिसांनी केले, ताई. तुमच्यासारखी नजर असलेल्या माणसांनी केले.

म्हणून नोकरीच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. ती घ्या. तुम्ही नकार दिलात तर एकही गेलेले काम परत येणार नाही आणि टेबलावर तुमच्या जागी शिवण न ओळखणारे कोणीतरी बसेल. फितुरी एका पक्षाने दुसऱ्या पक्षाची केलेली असते, आणि तुमचा पक्ष कपडे शिवणाऱ्यांचा आहे. तो देशाच्या सीमेपाशी संपत नाही.

पण डोळे मिटून घेऊ नका. कंपनीला आधी काही गोष्टी विचारा. माल एकाच देशातून, एकाच पुरवठादाराकडून येतो का? मार्च 2021 मध्ये 'एव्हर गिव्हन' हे एकच जहाज सुएझ कालव्यात अडकले, तर सहा दिवस तो मार्ग ठप्प झाला होता. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कितीतरी जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. ज्या कंपनीचा सगळा माल एकाच वाटेने येतो तिथली नोकरी घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाण्याची तयारी ठेवणे. नेमणूक कायम आहे की कंत्राटी, हे लेखी घ्या. आणि हे अवश्य विचारा की तपासनीस फक्त इथल्या गोदामात खेप उघडून पाहतो, की माल जिथे शिवला जातो त्या कारखान्यातही जातो. तिथे जाण्याची संधी असेल तर मागून घ्या. टाके मोजताना जिन्याचे दार कुलूपबंद आहे का, खिडक्यांना गज ठोकलेत का, पाळी संपल्यावर बाया घरी जातात की पुन्हा मशीनवर बसतात, हे 21 वर्षे त्याच कामात काढलेल्या बाईच्या नजरेतून सुटत नाही. ते अहवालात लिहा. लिहायला रकाना नसेल तर मागा. हे मागताना कंपनी अस्वस्थ होईल, आणि त्यावरून ती कंपनी कशी आहे ते तुम्हाला कळेल.

हे पत्र वाचणाऱ्या आणि अशाच वळणावर उभ्या असलेल्या इतरांसाठीही एक गोष्ट सांगते. आपले कसब आपण मालाच्या नावाने ओळखतो: मी सदरे तपासते, मी बूट शिवतो, मी खेळणी रंगवते. माल देश बदलतो तेव्हा आपले कसबही त्याच्याबरोबर गेले असे वाटू लागते. कागद घेऊन दिवसभरात हातांनी आणि डोळ्यांनी नेमके काय करता ते लिहून काढा. तुमच्या बाबतीत त्या कागदावर मापातला दोन मिलिमीटरचा फरक ओळखणे, शंभरांतून कोणते नग काढून पाहायचे ते ठरवणे, दोष कोणत्या मशीनवरून आला हे शोधणे, आणि नाराज पुरवठादाराशी ठामपणे बोलणे, हे सगळे येईल. यांतले पहिले सोडले तर बाकीचे कपड्यांपुरते मर्यादित नाही.

परदेशी माल सोडण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तुमची शक्ती इथे खर्च होऊ नये असे मला वाटते. लेबलावर ज्या देशाचे नाव असते तिथे बहुधा शेवटची शिलाई झालेली असते. कापूस, सूत, कापड आणि रंग यांचे देश वेगळे असू शकतात. लेबल पाहून आपलातुपला ठरवता येत नाही. ज्या ब्रँडने आपल्या पुरवठादार कारखान्यांची यादी उघड केली आहे त्याला पसंती देणे, आणि घेतलेला कपडा अधिक काळ वापरणे, एवढे केलेत तरी पुरे आहे.

राहिल्या तुमच्या मैत्रिणी. त्यांना समजावण्याच्या भरीस पडू नका. त्यांचे दुःख खरे आहे आणि तुमची नोकरी त्यांना त्याची आठवण करून देते. त्याऐवजी नवी नोकरी सुरू होण्याआधी एक काम त्यांच्यासोबत करा. बंद झालेल्या कारखान्याकडून प्रत्येकीचे काय येणे आहे, म्हणजे थकलेला पगार, शिल्लक रजांचे पैसे, सेवासमाप्तीची रक्कम, याची एक यादी नावानिशी तयार करा आणि ती घेऊन एखाद्या कामगार संघटनेकडे किंवा कामगार कायद्याच्या वकिलाकडे सगळ्याजणी मिळून जा. असे दावे करायला मुदत असते, त्यामुळे हे पुढे ढकलू नका. मुलालाही सोबत घ्या. बेरीज-वजाबाकी त्याला चांगली येते, आणि या हिशेबात त्याचा उपयोग होईल.

नोकरी सुरू झाल्यावर त्या अहवालाच्या रकान्याचे काय झाले, ते मला कळवा.